तांदळात ठेवलेली बाटली

आमच्या घरात तांदळाच्या डब्यात हात घालायचा तर आधी आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विचारावं लागायचं. लग्न होऊन आले तेव्हा हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. पहिल्याच आठवड्यात भातासाठी तांदूळ काढायला गेले आणि मापटं आत कशावर तरी खण्णकन आपटलं. मागून आवाज आला, "अय्यो, सावकाश गं! फोडशील!" सासूबाई धावत आल्या, कोपरापर्यंत हात डब्यात घातला, तान्ह्या पोराला चाचपावं तसं आतलं काहीतरी चाचपलं आणि हुश्श करून म्हणाल्या, "सरी, ठीक आहे. आहे जागेवर."

मला वाटलं, दागिने असतील. दागिने कसले! पांढऱ्या वाईनची बाटली होती. आडवी निजवलेली, वर-खाली सोना मसुरी तांदूळ. मी कपाळाला हात लावला. संध्याकाळी विराटला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, विचारलं, "तुझी आई तांदळात दारू का लपवते रे?" तो एरवी बडबड्या माणूस. त्या दिवशी चपला घालून सरळ बाहेर निघून गेला. तेव्हा मला कळलं की हा थट्टेचा विषय नाही.

आमची माणसं बेंगळुरात कधी आली ते विचारू नका, शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलो म्हणतात. गवीपुरम्‌च्या या गल्लीत मराठी घरात आणि कन्नड दारात, असं आमचं चाललेलं असतं. सासूला मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामंजी म्हणायचं. म्हणायचं असं म्हणते, कारण मामंजींना मी कधी पाहिलंच नाही. भिंतीवर त्यांचा फोटो आहे आणि त्या फोटोला हार नाही. तो घालायचा की नाही यावरूनच हे सगळं पुढे घडलं.

आत्यांचं नाव मथुरा. बसवनगुडीतल्या फळं-भाज्यांच्या सहकारी दुकानात त्यांनी अख्खी नोकरी काढली, तराजूमागे उभं राहून. आजही कलिंगड हातात घेतलं की आधी त्याला टपली मारतात, ते लग्नाला आलेल्या पाहुण्याच्या ताटातलं असलं तरी. कच्चं फळ दिसलं की त्यांच्या हाताला चैन पडत नाही. कच्चा आंबा, कच्चं सीताफळ, कच्चा चिकू, जे येईल ते तांदळाच्या डब्यात. "पिकू दे. घाई काय आहे?" मला मात्र सगळ्याची घाई. मी एचएसआर लेआउटात एका कंपनीत लोकांचे पगार काढते, माझ्या आयुष्यात काही पिकायला वेळच नसतो.

विठोजी, म्हणजे माझे मामंजी, त्या दुकानात द्राक्षांच्या पेट्या घेऊन यायचे. देवनहळ्ळीच्या पलीकडे नंदी डोंगराच्या पायथ्याशी मळे होते, तिथून. तो सगळा मुलूख काळ्या द्राक्षांचा. पणजोबांच्या काळापासून तिथे तीच जाड सालीची काळी, आंबटगोड द्राक्षं, आणि वाईन म्हणाल तर लालच. तर हे गृहस्थ पेटी उतरवायचे आणि घडाच्या अगदी टोकाचा एक मणी तोडून तोंडात टाकायचे. शेवटचा मणी सगळ्यात मागून पिकतो, तो गोड असला म्हणजे घड गोड, असा त्यांचा हिशोब. आत्यांनी दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा हातावर फाडकन चापट मारली. "खायचं असेल तर वजन करून घ्या!" या गड्याने खरंच वजन करून घेतलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा घेतलं. स्वतः आणून दिलेली द्राक्षं स्वतःच विकत घेणारा हा माणूस बघून दुकानातले सगळे हसायला लागले, आणि त्या वर्षीचा हंगाम संपायच्या आत मामंजींचे थोरले भाऊ जयसिंगराव मागणी घालायला हजर.

हे सांगताना आत्या अजून लाजतात. सत्तरीची बाई, पण पदर तोंडाला लावून असं हसते की मला त्यांचा हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू?

पुढे मामंजी तिथल्याच एका छोट्या वाईनच्या कारखान्यात लागले आणि तिथे त्यांच्या डोक्यात पांढरं खूळ शिरलं. मळ्याच्या एका कडेला त्यांनी मालकाच्या हातापाया पडून पांढऱ्या द्राक्षांच्या चार ओळी लावल्या. गावभर हसू झालं. जयसिंगरावांनी तर तोंडावर सांगितलं, "पांढरी वाईन? त्यापेक्षा कावेरीचं पाणी पी, फुकट मिळतं." ते स्वतः पक्के रमवाले. मामंजी आत्यांना समजावून सांगायचे, की लाल वाईनमध्ये रसाबरोबर सालं राहतात, ती सगळं झाकून घेतात. पांढरीत सालं काढून टाकायची, मग जरा चूक झाली की ती दिसते. हंगामात ते पिंपाला कान लावून बसायचे. आत रस उकळल्यासारखा बुडबुडतो म्हणे. त्या आवाजावरून ते सांगायचे, आज काय बिघडलंय, उद्या काय सुधारेल. रविवारी आत्यांना बसने तिकडे न्यायचे आणि त्यांनाही कान लावायला सांगायचे. "मला काही कळायचं नाही गं," आत्या म्हणतात, "पण ह्यांचं तोंड बघायला मिळायचं."

वर्षाला मोजक्याच बाटल्या निघायच्या. एक घरी यायची. स्टीलच्या पेल्यात ओतून दोघं मागच्या पायरीवर बसायची. आत्या दोन घोटांत पेला रिकामा करायच्या, आणि मामंजींचा मात्र अंधार पडला तरी अर्धा शिल्लक. "ह्यांना जेवायला हाक मारून मारून घसा बसायचा. म्हणायचे, थांब, आत्ता कुठे बोलायला लागलीय." वाईन बोलायला लागलीय! काय माणूस असेल!

केदारला महापूर आला त्या वर्षी मामंजी मित्रांबरोबर यात्रेला गेले. आत्यांनाही चल म्हणत होते, पण जूनमध्ये दुकानात आंब्याची गर्दी, रजा कोण देणार? निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी त्या साली केलेली बाटली आणून आत्यांच्या हातात ठेवली. म्हणाले, "यंदाची वेगळी झालीय मथुरा, पण अजून कच्ची आहे. मी आल्यावर बघू, पिकली की उघडू. तोवर हात लावायचा नाही."

आत्यांनी कच्च्या वस्तूचं जे आयुष्यभर केलं तेच केलं. बाटली तांदळात ठेवली.

मामंजी आले नाहीत. त्यांच्याबरोबरचे काही जण आले, काहींची प्रेतं मिळाली, मामंजींचं काहीच मिळालं नाही. विराट आणि जयसिंगराव तिकडे जाऊन फोटो दाखवत गावोगाव फिरले. सरकारने सगळ्यांना दिला तसा मृत्यूचा कागद दिला. आत्यांनी तो हातात घेतला नाही. कुंकू पुसलं नाही, बांगड्या काढल्या नाहीत. शेजारपाजार कुजबुजला, मग थकला. "बॉडी कुठे आहे? दाखवा," एवढंच त्या म्हणायच्या.

मालकाने पुढे जमीन विकली. विमानतळ जवळ, भाव चढलेले. आता तिथे बंगले आहेत. पांढऱ्या चार ओळी सगळ्यात आधी उपटल्या. म्हणजे काळ्या द्राक्षांच्या त्या मुलखात मामंजींच्या हातची पांढरी वाईन उरली ती जगात एकच, आमच्या तांदळात. दर महिन्याला नवं पोतं आलं की आत्या बाटली काढायच्या, पदराने पुसायच्या, तशीच आडवी निजवायच्या आणि वर तांदूळ ओतायच्या. मी एकदा वैतागून म्हटलं, "आत्या, फ्रीजमध्ये तरी ठेवा!" त्या म्हणाल्या, "फ्रीजमध्ये काही पिकतं का?"

आता महालयाचं सांगायला हवं. पुण्यामुंबईकडे सर्वपित्री म्हणतात, ती आमची महालय अमावस्या. त्या दिवशी गेलेल्या प्रत्येक माणसाच्या नावाने केळीचं पान मांडतात आणि त्याला जे आवडायचं ते वाढतात. आमच्यात सोवळंओवळं नाही. आजेसासऱ्यांना मटणाचा रस्सा, मुद्दा म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, रमचा पेला आणि विडी. आजेसासूबाईंना मोगऱ्याचा गजरा आणि पान-सुपारी. मग घरातला वडील माणूस एकेकाला हाक मारून जेवायला बोलावतो. सगळ्यांनी बाहेर यायचं, दार लावायचं आणि त्यांचं जेवण होईपर्यंत थांबायचं. मग दारावर थाप मारायची, म्हणजे आलेले परत जातात, आणि आपण आत शिरून तेच प्रसाद म्हणून खायचं.

दर वर्षी जयसिंगराव आई-वडिलांना हाक मारायचे, आपल्या बायकोला मारायचे, आणि मग थांबायचे. आत्यांकडे बघायचे. आत्या भिंतीकडे बघायच्या. दार लागायचं.

या वर्षी जयसिंगरावांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. भाद्रपदात एक दिवस ते रिक्षाने आले, आमच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबले आणि खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणाले, "मथुरा, यंदा विठोजीचं पान मांडायचं."

"नाही भावजी."

"ऐक तरी. आपल्यात पहिल्या वर्षीची हाक नावाने मारायची असते, आणि मोठ्याला धाकट्याने नावाने हाक मारायची नसते. मी गेल्यावर त्याला हाक कोण मारणार? विराट बापाला नावाने बोलावणार? माझ्याएवढा मोठा आता कोणी उरला नाही." त्यांना धाप लागली. "इतकी वर्षं सगळे येऊन जेवून जातात. माझा भाऊ उपाशी दाराबाहेर उभा असतो. मला झोप लागत नाही गं."

हे बोलताना म्हातारा रडायला लागला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, माझ्याही डोळ्यांना धार लागली. पण आत्या ताठ. "ह्यांनी सांगितलंय, आल्यावर उघडू. बाटली अजून तशीच आहे. म्हणजे ह्यांचं यायचं राहिलंय."

जयसिंगरावांचा पारा चढला. "कसली बाटली घेऊन बसलीस! तिचं केव्हाच व्हिनेगर झालं असेल! विराट, सांग हिला!"

विराट खाली मान घालून म्हणाला, "आई, मी दुकानात विचारलं होतं. इथली पांढरी वाईन दोन-तीन वर्षांत संपवायची असते. इतकी टिकत नाही."

"त्या दुकानदाराने तुझ्या अप्पांची प्यायलीय का?"

"नाही, पण…"

"मग?" आत्या उठल्या. "सरी. होऊन जाऊ दे. महालयाच्या सकाळी उघडू. व्हिनेगर झालं असेल तर ह्यांचं पान मांडा, मी एक शब्द बोलणार नाही. आणि चांगली असेल तर, भावजी, हा विषय या घरात पुन्हा काढायचा नाही. तुम्ही मोठे आहात, तरी सांगते."

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला. सरळच सांगते, मला व्हिनेगर हवं होतं. गेटची कडी वाजली की त्या अजूनही हातातलं काम टाकून मान वर करतात, आणि कुरियरवाला असला की पुन्हा भाजी निवडायला घेतात. ते बघून बघून मला वीट आला होता. सुटू दे बाईला, असं वाटायचं. आणि मग त्या सुटल्या तर कशा दिसतील, याची भीती वाटायची.

अमावस्या आली. सकाळपासून रस्सा रटरटत होता, घरभर मसाल्याचा वास. जयसिंगराव धुतलेलं धोतर नेसून पाटावर बसले. त्यांनी चार पानं आणायला सांगितली होती. तीन मांडून झाली, चौथं बाजूला गुंडाळून ठेवलेलं. आत्यांनी डब्यात हात घातला, बाटली काढली, पदराने पुसली. मानेला तांदळाचे दोन दाणे चिकटले होते, ते टिपले आणि बाटली विराटच्या हातात दिली.

बूच अर्ध्यात तुटलं. उरलेलं सुरीने आत ढकलावं लागलं. बुचाचे कण तरंगायला लागले म्हणून मी मलमलचं फडकं आणलं आणि स्टीलच्या पातेल्यात गाळून घेतलं. पांढरी कसली! जुन्या सोन्यासारखी पिवळी धार पडली. वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. मोसंबीच्या सुकलेल्या सालीचा, मधाचा, तुपात परतलेल्या बदामाचा. व्हिनेगरचा वास मला माहीत आहे. हा तो नव्हता.

पहिला पेला जयसिंगरावांना दिला. त्यांनी एक घोट घेतला. जन्मभर रम प्यायलेला माणूस, पण घोट तोंडातच धरून बसला. मग गिळला. डोळे मिटून घेतले. मी मनात म्हणत होते, खोटं बोला, थोरले मामंजी, आंबट झालीय म्हणा, कोणाला कळणार आहे? त्यांनी पेला खाली ठेवला.

"मथुरा," ते म्हणाले, "तू जिंकलीस. विराट, ते चौथं पान उचल."

विराटने पान उचललं. आत्यांच्या चेहऱ्यावर काय उजळलं म्हणून सांगू! मी इतक्या वर्षांत त्यांना तसं पाहिलं नव्हतं. "बघा!" त्या म्हणाल्या. "बघा! मला वेड्यात काढत होता सगळे!" पेला उचलून त्यांनी एक मोठा घोट घेतला, नेहमीसारखा घाईचा.

आणि थांबल्या.

दुसरा घोट त्यांनी हळू घेतला. तिसरा त्याहून हळू. त्या खाली बसल्या, डब्याला पाठ टेकून. मी जवळ जाऊन विचारलं, "आत्या? काय झालं?"

"पिकली गं," त्या म्हणाल्या.

"हो. चांगलीच झालीय."

"तसं नाही. पूर्ण पिकली. आता याच्यापुढे काही व्हायचं राहिलं नाही." त्यांनी पेल्यात बघितलं. "चार ओळींच्या रसासाठी हे पिंपाला कान लावून बसायचे. घरी ताप असला तरी जायचे. ही इथे पिकत होती आणि ह्यांना कळलं नाही, असं होईल का? कुठेही असते तरी आले असते. पाय मोडला असता तर सरपटत आले असते." त्यांनी पेला मांडीवर टेकवला. "ही पिकून बसलीय, संयोगिता. आणि हे आले नाहीत."

मी त्यांना मिठी मारली. त्या माझ्या खांद्यावर इतक्या मोठ्याने रडल्या की शेजारच्या पद्माक्का भिंतीपलीकडून "एनायितु?" म्हणून विचारायला लागल्या. काय झालं म्हणून सांगणार? विराट लाल डोळ्यांनी भांड्यांच्या मांडणीकडे तोंड करून उभा होता.

मग आत्यांनी नाक पुसलं, उठल्या. विराटच्या हातातलं पान घेतलं, स्वतः पुसलं, स्वतः मांडलं, आजेसासऱ्यांच्या शेजारी. रस्सा वाढला, मुद्दा ठेवला. काळ्या द्राक्षांचा एक घड ठेवला आणि त्याच्या टोकाचा मणी तोडून वेगळा, पानाच्या कडेला. पातेल्यातली सगळी वाईन एका मोठ्या पेल्यात ओतली, काठोकाठ.

"मारा हाक, भावजी."

जयसिंगराव उठून उभे राहिले. आई-वडिलांना हाक मारली, बायकोला मारली. मग दर वर्षीसारखे थांबले. आत्यांनी त्यांचा हात धरला. "विठोजी," ते म्हणाले, "ये रे बाळा. जेवायला ये."

आम्ही बाहेर आलो. दार लावलं. पायऱ्यांवर बसलो, मी, विराट, आत्या, आणि खुर्चीवर जयसिंगराव. दुपारची गल्ली, कुठून तरी कुकरच्या शिट्ट्या, सगळ्यांच्याच घरी महालय. नेहमी आम्ही थोडा वेळ थांबतो, पोटात भूक असतेच. पलीकडच्या घरात थाप पडली, त्याच्या पलीकडच्याही घरात पडली, माणसं आत जेवायला गेली. जयसिंगराव दाराशी गेले आणि थाप मारायला त्यांनी हात वर केला.

"थांबा हो," आत्या म्हणाल्या. "स्वल्प थांबा. ते सावकाश पितात."

म्हाताऱ्याने हात खाली घेतला आणि परत येऊन बसला. ऊन पायरीवरून उतरून अंगणात गेलं, मग कुंपणावर. आत जेवण गार होत होतं. कोणी दार वाजवलं नाही.